खाऱ्या जमिनीत पेरणी

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या जुलैत एका दुपारी मडकईच्या एक काकी आल्या. छत्री दाराशी टेकवली, पिशवीतून चौघडी घातलेला कागद काढला आणि काउंटरवर हातानं सपाट केला. मुलगा बावीस वर्षांचा. तीन महिने शौचातून रक्त पडत होतं, पण पोरानं लाजेनं घरी सांगितलं नाही. एका सकाळी अंगणात चक्कर येऊन पडला तेव्हा कळलं. कागदावर निदान होतं अल्सरेटिव्ह कोलायटिस. खाली आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या आणि काही आठवडे हळूहळू कमी करत न्यायचं स्टिरॉइड.

"बाय, एक विचारू? पोटातले चांगले जंतू मेले म्हणून हे होतं असं मोबाइलवर दाखवतात. मग ह्या गोळ्या कशाला? तेच जंतू दे मला. सगळ्यात भारी असतील ते."

दुकानात आणखी तिघं थांबली होती. मी पाच मिनिटांत जमेल ते सांगितलं, गोळ्या बंद करू नका हे तीनदा सांगितलं, आणि त्या गेल्यावर मला चुटपुट लागून राहिली. कारण काकींचा प्रश्न वेडगळ नव्हता. जगभरातले संशोधक गेली वीस-पंचवीस वर्षं नेमका हाच प्रश्न विचारत आहेत. त्याचं उत्तर पाच मिनिटांत मावणारं नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते आहे.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आणि आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) ही दोन वेगळी दुखणी आहेत. आयबीएसमध्ये पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होतं. त्रास खरा असतो, पण दुर्बीण घालून पाहिलं तर आतड्याची भिंत धडधाकट दिसते. आयबीडीमध्ये भिंतच सुजलेली असते, तिच्यावर व्रण असतात, त्यातून रक्त येतं. आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो, गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकतो आणि साधारण आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि भिंतीच्या आरपार जातो. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, त्यांच्यातल्या एकाचं नाव त्याला चिकटलं. आपल्याकडे एक अडचण जास्तीची आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरांनाही निदानाला वेळ लागतो. म्हणून शौचातून रक्त पडत असेल तर मूळव्याध असेल म्हणून मलम लावत बसू नका, तपासून घ्या.

आता जंतूंकडे. जंतू म्हटलं की आपल्याला आजार आठवतो, म्हणून मी पुढे जिवाणू म्हणते. आपल्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा हिशोब २०१६ मध्ये मांडला गेला. आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटींच्या आसपास. एवढे असूनही त्या सगळ्यांचं वजन पावशेराहून कमीच, सुमारे २०० ग्रॅम. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात आणि फुकट राहत नाहीत. आपण खातो त्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं लहानसं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपलं बहुतांश पोषण रक्तातून नाही, तर ह्या ब्युटिरेटमधून घेतात. म्हणजे आपल्या आतड्याचं अस्तर भाडेकरूंच्या हातचं जेवतं. ब्युटिरेटचं काम तेवढ्यावर थांबत नाही, आतड्यातल्या प्रतिकारपेशींना ते शांतही ठेवतं.

ब्युटिरेट बनवणाऱ्यांतला एक मुख्य जिवाणू म्हणजे फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉसनिट्झी. निरोगी माणसात तो भरपूर असतो. २००८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की क्रोन्ससाठी शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांमध्ये हा जिवाणू कमी होता, त्यांच्यात सहा महिन्यांत रोग उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. तेव्हापासून कित्येकांच्या मनात तोच विचार आला जो काकींच्या मनात आला: कमी आहे ना, मग भरून काढू.

पण हा जिवाणू ऑक्सिजन लागला की मरतो, आणि ह्या आजाराची सगळी गुंतागुंत इथेच आहे. निरोगी आतड्यात अस्तराच्या पेशी ब्युटिरेट जाळतात. जाळताना ऑक्सिजन खर्च होतो, म्हणून रक्तातला ऑक्सिजन आतड्याच्या पोकळीत फारसा पोहोचत नाही. ऑक्सिजन नाही म्हणून फिकॅलिबॅक्टेरियम सुखात राहतो आणि आणखी ब्युटिरेट करतो. चक्र नीट फिरतं. सूज आली की पेशींना ब्युटिरेट नीट जाळता येत नाही, ऑक्सिजन पोकळीत झिरपू लागतो. ऑक्सिजन न सोसणारे जिवाणू मरतात आणि त्यांच्या जागी ऑक्सिजनवर पोसणारे, ई. कोलायच्या कुळातले जिवाणू फोफावतात. भिंतीवरचा चिकट लेप पातळ झालेला असतो, त्यातून ते पेशींना भिडतात, प्रतिकारशक्ती आणखी चवताळते, सूज आणखी वाढते. चक्र आता उलटं फिरतं. त्यात रुग्णाची आनुवंशिकता असते (जनुकांमधल्या २०० हून जास्त जागांचा ह्या आजाराशी संबंध सापडला आहे), अँटिबायोटिक्स असतात, आहार असतो. आधी काय बिघडलं हे एखाद्या रुग्णाकडे बोट दाखवून सांगता येत नाही.

माझं आजोळ दुर्भाटचं, जुवारी नदीच्या काठचं. तिथली खाजन शेती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सगळं माझ्यापेक्षा लवकर कळेल. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली सखल जमीन. बांधात लाकडी झडपांचं दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की उघडते आणि शेतातलं जादा पाणी नदीत जातं. आतड्याची भिंत हेच करते: हवं ते आत घ्यायचं, नको ते बाहेर ठेवायचं.

मी दहा-अकरा वर्षांची असताना एका रात्री बांध फुटला. सकाळी आजोबांबरोबर गेले तर शेताच्या जागी गढूळ पाण्याचं तळं, आणि चिखलात रुतलेला खेकडा. पाणी ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत रोपांची टोकं पिवळी पडली, मग भाजल्यासारखी तपकिरी झाली. मला वाटलं आता पुन्हा लावतील. आजोबांनी बियाण्याला हातही लावला नाही. आधी माणसं जमवून चिखल, पेंढा आणि जांभा दगड घालून बांध उभा केला. मग पावसाला मीठ धुऊ दिलं. पुढच्या वर्षी पेरलं ते कोरगूट, खारं सोसणारं जुनं भात. उत्पन्नाला चांगली म्हणून शेजाऱ्यानं दुसरी जात पेरली होती, ती करपली.

जिवाणूंनी आयबीडीवर उपचार करायचे म्हणजे खाऱ्या झालेल्या शेतात पेरणी करायची. बियाणं शेतापर्यंत जिवंत पोहोचवायचं हा एक प्रश्न. पोहोचल्यावर ते रुजेल काय, हा दुसरा. बातम्यांमध्ये पहिल्याचीच चर्चा असते.

पहिल्यापासून बघू, कारण त्यात फार सुंदर काम झालं आहे.

तोंडातून घेतलेला जिवाणू आधी जठरात पडतो. उपाशीपोटी तिथलं आम्ल लिंबाच्या रसाच्या तोडीचं किंवा त्याहून तीव्र असतं. तिथून निसटला तर लहान आतड्यात पित्त भेटतं, जे चरबी विरघळवतं, आणि जिवाणूचं बाहेरचं आवरण चरबीचंच असतं. पुढे कित्येक फुटांचा प्रवास. शेवटी मोठं आतडं, जिथे आधीच लाखो कोटी रहिवासी बसलेले आहेत आणि नव्याला जागा द्यायला तयार नाहीत. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेनं २०१८ मध्ये निरोगी माणसांना प्रोबायोटिक, म्हणजे फायद्यासाठी घ्यायचे जिवंत जिवाणू, देऊन थेट आतड्यातून नमुने घेतले. काहींच्या आतड्यात ते जिवाणू टिकले, काहींनी ते सरळ बाहेर काढले. शौचात जिवाणू दिसले म्हणजे ते आत वसले असं नसतं; बसमधून गाव ओलांडून गेलेला माणूस गावकरी होत नाही.

ह्यावर एक जुना उपाय म्हणजे प्रचंड संख्येनं पाठवणं. लुधियानाच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी ह्या विषयातली महत्त्वाची भारतीय चाचणी आहे. सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या १४७ रुग्णांपैकी काहींना आठ जातींच्या जिवाणूंचं मिश्रण दिलं, काहींना तसंच दिसणारं खोटं औषध. बारा आठवड्यांनी मिश्रण घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्क्यांचा रोग शांत झाला होता, खोटं औषध घेणाऱ्यांपैकी १५.७ टक्क्यांचा. चांगलाच फरक. पण मात्रा बघा: ३.६ लाख कोटी जिवाणू, दिवसातून दोन वेळा. माझ्या फ्रिजमध्ये जी कॅप्सूल आहे तिच्या पाकिटावर ५०० कोटी लिहिलं आहे. भागाकार केला तर एका वेळच्या मात्रेसाठी ७२० कॅप्सूल लागतील. शिवाय जातीही वेगळ्या. "प्रोबायोटिकनं कोलायटिसला फायदा होतो" हे वाक्य मोबाइलवर येतं तेव्हा हा आकडा सोबत येत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा उपाय म्हणजे कणखर जात निवडणं. त्यातली सगळ्यात जुनी गोष्ट पहिल्या महायुद्धातली. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे डॉक्टर आल्फ्रेड निसले ह्यांना असा एक सैनिक सापडला की ज्याच्या भोवतालचे सगळे आमांशानं आडवे झाले होते आणि तो मात्र ठणठणीत होता. त्याच्या शौचातून त्यांनी १९१७ मध्ये ई. कोलायची एक जात वेगळी काढली. ई. कोलाय म्हटलं की आपण दचकतो, पण त्या कुळात निरुपद्रवीही आहेत. ही जात आजही वापरात आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत रोग शांत झालेल्या ३२७ रुग्णांपैकी निम्म्यांना हे जिवाणू दिले आणि निम्म्यांना मेसालामाइन. नियमानं औषध पूर्ण केलेल्यांमध्ये वर्षभरात रोग उलटला तो अनुक्रमे ३६.४ आणि ३३.९ टक्क्यांमध्ये, म्हणजे जवळपास बरोबरीत. ह्याच जातीत डीएनएला इजा करणारं एक रसायन बनवण्याची जनुकं आहेत हे मात्र नंतर कळलं, आणि त्यावर अजून काम चालू आहे.

तिसरा उपाय, जिवाणूला चिलखत घालणं. हा माझ्या आवडीचा भाग, कारण त्याचं सामान आपल्या किनाऱ्यावरचं आहे.

हणजुण्याच्या खडकांवर ओहोटीला तपकिरी शेवाळ उघडं पडतं, लहान लहान फुगे असलेलं. ते सारगॅसम. अशा तपकिरी शेवाळांपासून अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ काढतात. फार्मसी शिकणाऱ्या माझ्या भाचीनं दिवाळीच्या सुटीत तो मला करून दाखवला. अल्जिनेटचं पाण्यातलं द्रावण सिरिंजमध्ये भरलं, आणि कॅल्शियम क्लोराइड विरघळवलेल्या वाटीभर पाण्यात थेंब थेंब सोडलं. थेंब पाण्याला लागला की तिथेच गोठायचा. दोन मिनिटांत वाटीच्या तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी. बोटात धरला की दबतो, फुटत नाही. थोडे मणी तिनं व्हिनेगरमध्ये टाकले, ते आक्रसून घट्ट झाले. थोडे फॉस्फेट घातलेल्या पाण्यात टाकले, ते फुगत फुगत गेले आणि काही वेळानं नाहीसे झाले. फॉस्फेटनं त्यांच्यातलं कॅल्शियम ओढून घेतलं होतं. पोटात साधारण असंच घडतं: जठराच्या आम्लात मणी आवळून बसतो, पुढे आम्ल कमी झालं की सैल होतो आणि आतला माल सोडतो. थेंब सोडण्याआधी द्रावणात जिवाणू मिसळलेले असले की झाली कॅप्सूल.

मणी थोडा सच्छिद्र असतो, म्हणून त्याला वरून दुसरा लेप देतात, कायटोसनचा. तो येतो कोळंबीच्या सालांपासून. आम्ही सुंगटं सोलून सालं कचऱ्यात टाकतो, त्याच सालांमधलं कायटिन प्रक्रिया करून कायटोसन बनतं. अल्जिनेटवर ऋण भार असतो, कायटोसनवर धन, म्हणून दोघं एकमेकांना घट्ट धरतात. एकावर एक असे थर देता येतात, आणि आता तर मण्यालाच नव्हे, एकेका जिवाणूला स्वतंत्र लेप देण्याचे प्रयोग झाले आहेत. कायटोसनचा आणखी एक गुण म्हणजे ते आतड्याच्या चिकट लेपाला धरून राहतं, त्यामुळे जिवाणू लगेच वाहून जात नाही.

औषधांच्या धंद्यात ही कल्पना नवी नाही. काकींच्या मुलाच्या मेसालामाइनवरही असाच लेप असतो. तो जठरात विरघळत नाही, आम्ल जवळजवळ संपलं की विरघळतो, जेणेकरून औषध मोठ्या आतड्यात उतरावं. म्हणून ती गोळी मोडायची नाही, चावायची नाही, कुटून मधातून द्यायची नाही. गिळायला जड जाते म्हणून घरोघरी कुटतात. तसं केलं की औषध भलत्याच ठिकाणी संपतं.

लेप दिलेल्या जिवाणूंनी "कोलायटिस बरा केला" अशी बातमी आली की ती कुणाच्या पोटात केला हे वाचून घ्या. बहुतेक वेळा उंदराच्या. आणि तो कोलायटिसही बहुधा पाण्यातून डीएसएस नावाचं रसायन पाजून आणलेला असतो. रसायन थांबवलं की उंदीर आपोआप सावरू लागतो. माणसाचा आजार तसा थांबत नाही. ह्या प्रयोगांना मी कमी लेखत नाही, त्यांच्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. फक्त उंदरापासून काउंटरपर्यंतची वाट फार लांब आहे.

एकेक जात निवडत बसण्यापेक्षा निरोगी माणसाची सगळी वस्तीच उचलून नेली तर? ह्यालाच विष्ठेचं रोपण म्हणतात. ऐकायला कसंतरी वाटतं, पण चीनमध्ये चौथ्या शतकात गे हाँग ह्यांनी ह्या प्रकारच्या औषधाची नोंद केली आहे, आणि १९५८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये अँटिबायोटिकनंतर आतड्याला जीवघेणी सूज आलेल्या चार रुग्णांना ते एनिमातून दिलं गेलं. पुढे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जिवाणूमुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जुलाबांवर ते इतकं लागू पडलं की नेदरलँड्समधली २०१३ ची चाचणी मध्येच थांबवावी लागली: एका मात्रेत १६ पैकी १३ बरे झाले होते, आणि बाकीच्यांना त्यापासून वंचित ठेवणं योग्य नव्हतं. अमेरिकेत त्या आजारासाठी २०२३ पासून कॅप्सूलही मंजूर आहे. तिच्यात निरोगी दात्याच्या विष्ठेतून घेतलेले जिवाणूंचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूनं स्वतःच स्वतःला घातलेलं कवच. त्याला आम्लही बाधत नाही, ऑक्सिजनही नाही. निसर्गाचं हे पॅकिंग आपल्या कुठल्याही लेपाहून सरस आहे.

मग तेच कोलायटिसला का चालू नये? कॅनडात २०१५ मध्ये ७५ रुग्णांवर करून पाहिलं. रोपण झालेल्यांपैकी २४ टक्क्यांचा रोग शांत झाला, नुसत्या पाण्याचा एनिमा घेतलेल्यांपैकी ५ टक्क्यांचा. त्यातही बरे झालेल्या नऊपैकी सात जणांना एकाच दात्याची विष्ठा मिळाली होती. त्या एका माणसाच्या पोटात काय होतं, ह्यावर पुढे पुष्कळ विचार झाला. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये ७३ रुग्णांच्या चाचणीत विष्ठा ऑक्सिजनविरहित पेटीत तयार केली होती, फिकॅलिबॅक्टेरियमसारखे नाजूक जीव वाचावेत म्हणून. तिथे ३२ टक्के विरुद्ध ९ टक्के. पण बरे झालेल्यांपैकी वर्षभरानं तसे राहिलेले ४२ टक्के. म्हणजे तीन-चारातला एक सावरतो आणि सावरलेल्यांतला निम्म्याहून जास्त भाग पुन्हा घसरतो. हे घरी करून बघायचं काम मुळीच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत नीट न तपासलेल्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय दोन रुग्णांच्या शरीरात गेला आणि त्यातला एक दगावला.

फोंड्याहून दुर्भाटला जाताना मी ह्या आकड्यांचा विचार करते तेव्हा मला आजोबांचं शेत दिसतं. डिफिसिलच्या रुग्णाचं शेत अँटिबायोटिकनं उजाड झालेलं असतं, पण माती गोडी असते, पेरलं की उगवतं. कोलायटिसच्या रुग्णाची माती खारी झालेली असते. ऑक्सिजन झिरपतो आहे, चिकट लेप झिजला आहे, प्रतिकारपेशी चवताळलेल्या आहेत. ह्याचा मला सगळ्यात स्पष्ट वाटणारा पुरावा २०२१ चा. त्याच बीजाणूंच्या पद्धतीची कॅप्सूल सुमारे २०० कोलायटिस रुग्णांना देऊन पाहिली. आधीच्या लहान चाचणीत तिनं आशा दाखवली होती. मोठ्या चाचणीत खोट्या औषधापेक्षा तिळमात्र सरस ठरली नाही. प्रवास तर निर्धोक होता. रुजवण चुकली.

ह्याच दिशेनं दिल्लीच्या एम्समध्ये झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत कोलायटिसच्या ६६ रुग्णांपैकी एका गटाला नेहमीचे उपचार वाढवून दिले, दुसऱ्याला रोपण आणि त्याच्या जोडीनं सूज कमी करणारा भारतीय आहार. रोपण थोडे आठवडे, आहार वर्षभर. आहाराच्या गटात आठ आठवड्यांनी जास्त रुग्ण सावरले, आणि ४८ आठवड्यांनी त्यांच्यातल्या २५ टक्क्यांचं आतडं दुर्बिणीतूनही शांत दिसत होतं. दुसऱ्या गटात एकाचंही नाही. बी पेरलं, आणि मातीलाही हात लावला.

काही जण असा जिवाणू घडवू पाहतात की जो पोहोचून बांधही दुरुस्त करेल. बेल्जियममधल्या संशोधकांनी लॅक्टोकॉकस ह्या चीज बनवण्यात वापरल्या जाणाऱ्या जिवाणूत सूज शमवणाऱ्या आयएल-१० ह्या मानवी प्रथिनाचं जनुक घातलं. २००० मध्ये उंदरांवर ते लागू पडलं, २००६ मध्ये क्रोन्सच्या दहा रुग्णांना दिलं. तो बाहेर जगात पसरू नये म्हणून त्यांनी थायमिडीन बनवण्याचं त्याचं स्वतःचं जनुक काढून त्याच जागी नवं बसवलं होतं. थायमिडीन मिळालं नाही की तो मरतो. सुरक्षित ठरला, पण कोलायटिसच्या पुढच्या चाचणीत ठोस फायदा दिसला नाही. आता निसलेच्या त्या जातीवर असेच प्रयोग चालू आहेत.

म्हणून आज अमेरिकेतल्या पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की कोलायटिस आणि क्रोन्समध्ये प्रोबायोटिक आणि रोपण दोन्ही चाचण्यांपुरतीच ठेवावीत. एक अपवाद आहे: मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी बनवलेल्या रुग्णांना त्या पिशवीत सूज येते, तिथे आठ जातींच्या मिश्रणाला ते जागा देतात. काउंटरवर मी हेच सांगते. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर घ्या, पण मूळ औषधाच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही. स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, किंवा रुग्णालयात मोठ्या शिरेत नळी असेल, तर विचारल्याशिवाय एकही पाकीट फोडू नका. अशा रुग्णांच्या रक्तात प्रोबायोटिकमधलं यीस्ट शिरल्याच्या नोंदी आहेत. ताक सोसत असेल तर ताक प्या, पेज प्या, ते अन्न आहे. आणि रक्त थांबलं म्हणून गोळ्या सोडू नका. २००३ मधल्या एका अभ्यासात मेसालामाइन नीट न घेणाऱ्यांचा रोग उलटण्याचा धोका नियमानं घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला. बांधावरून माणूस हटवण्यासारखं आहे ते.

काकी दर महिन्याला येतात. मार्चमध्ये पहिल्यांदा त्यांच्याऐवजी मुलगा एकटा आला. अंगानं भरला होता. गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि फ्रिजकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, आई त्या जंतूंचं अजून विचारते. ह्यांच्यात असतात किती?" मी एक पाकीट काढून त्याच्या हातात दिलं, मागचा आकडा वाचायला सांगितला आणि लुधियानाचा आकडा कागदावर लिहून दिला. त्यानं मोबाइलवर भागाकार केला. उत्तर बघून पुन्हा एकदा केला. मग पाकीट स्वतःच फ्रिजमध्ये ठेवलं, दार नीट लागलं की नाही ते पाहिलं, आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या बाजूला काढून ठेवायला सांगून पावणेपाचची मडकईची बस धरायला पळाला.